मिशिगनच्या रानासाठी २८ बोअरची दुनळी: बेरेटा ६८६ सिल्व्हर पिजन

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात अ‍ॅस्पेनची कोवळी, दाट राने आहेत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून तिथे रफ्ड ग्राउज व वूडकॉक या पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. या शिकारीत बंदूक दिवसभर हातात वागवावी लागते आणि खांद्याला लागते ती मात्र क्षणभरच, कारण झाडीतून भर्रकन उठलेला ग्राउज दुसऱ्या झाडीआड जाईपर्यंत फार तर एक-दोन सेकंद मिळतात. त्यामुळे इथल्या बंदुकीची परीक्षा तिच्या ताकदीवर होत नाही. ती हातात किती हलकी वाटते आणि नजर जाईल तिथे किती सहज वळते, यावर होते. या कसोटीला माझ्या पसंतीस पूर्ण उतरलेली बंदूक म्हणजे बेरेटा ६८६ सिल्व्हर पिजन १, एकावर एक नळ्या असलेली, २८ बोअरची दुनळी.

भारतात बहुतेकांना ठाऊक असते ती बारा बोअर. आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते: बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसचा १५.६ आणि अठ्ठावीसचा १४ मिलिमीटर असतो. २८ बोअरच्या नेहमीच्या पावणेतीन इंची काडतुसात पाऊण औंस, म्हणजे साधारण २१ ग्रॅम छर्रे बसतात; साडेसात नंबरचे (नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो) शिशाचे छर्रे घेतले तर ते सुमारे २६० भरतात. वीस बोअरच्या सात-अष्टमांश औंसाच्या काडतुसात ते तीनशेच्या थोडे वर जातात. लहान बोअरचा मारा दुबळा असतो हा समज मात्र खरा नाही. आकार आणि वेग सारखा असेल, तर तो छर्रा कोणत्याही नळीतून सुटला तरी पक्ष्यावर त्याचा आघात सारखाच होतो. फरक पडतो तो संख्येत, आणि म्हणून अंतरात. दाट रानात बहुतेक बार वीस-पंचवीस यार्डांच्या आत होतात आणि तेवढ्या अंतरावर २६० छर्ऱ्यांचा फैलाव ग्राउजसाठी पुरेसा दाट राहतो. तीस-पस्तीस यार्डांपलीकडे तो विरळ होऊ लागतो. तिथे बार न टाकणे हे २८ बोअर वापरणाऱ्याचे कर्तव्यच आहे, कारण जखमी होऊन निसटलेला पक्षी हा शिकाऱ्याचा सर्वांत मोठा दोष असतो.

बंदूक निवडताना बोअरच्या आकड्यापेक्षा अ‍ॅक्शनचा (म्हणजे नळ्या ज्याला जोडलेल्या असतात त्या, चापाची यंत्रणा असलेल्या पोलादी भागाचा) आकार अधिक महत्त्वाचा आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अनेक कंपन्या वीस बोअरच्याच अ‍ॅक्शनवर २८ बोअरच्या नळ्या बसवतात. अशा बंदुकीचे वजन वीस बोअरइतकेच, कधी कधी त्याहून थोडे जास्तच भरते, कारण बाहेरचा आकार तोच ठेवून आतले छिद्र बारीक केले की नळीत पोलाद अधिक उरते. मग छर्रे कमी, काडतुसे महाग आणि वजन तेवढेच, असा व्यवहार पदरी पडतो. बेरेटाची अ‍ॅक्शन मुळातच बुटकी असते. तिच्या नळ्या खालून जाणाऱ्या आडव्या खिळीवर फिरत नाहीत, तर दोन्ही बाजूंच्या छोट्या खुंट्यांवर फिरतात, आणि बंद होताना त्यांना धरणारे दोन दट्टेही नळ्यांच्या बाजूलाच येतात. खाली काही लागत नसल्याने नळ्या हाताच्या जवळ बसतात आणि बोट दाखवावे तशी बंदूक पक्ष्याकडे वळते. इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पिया इथल्या या घराण्याची बंदूकनिर्मितीची नोंद १५२६ सालापर्यंत मागे जाते. इतक्या काटकसरीने केलेली ही रचना पाहताना त्या परंपरेविषयी आदर वाटतो.

ब्राउनिंगची सिटोरी ही तिची खरी प्रतिस्पर्धी. १९७३ पासून बाजारात असलेली, जपानमध्ये मिरोकू कंपनीत बनणारी ही बंदूक पिढ्यान्‌पिढ्या टिकेल इतकी भक्कम आहे. पण तिची खिळी आणि कुलपाची रचना नळ्यांखाली असल्याने अ‍ॅक्शन उंच होते आणि दिवसभराच्या चालीत ती मला जड वाटते. चिकणमातीच्या कबुतरांवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, नेमबाजी करणाऱ्याने मात्र सिटोरीच घ्यावी, कारण तिथे तेच वजन नळीला स्थिर ठेवते. कमी खर्चात २८ बोअर हवी असेल, तर तुर्कस्तानात बनणारी सीझेड बॉबव्हाइट जी २ पाहावी. तिच्या नळ्या शेजारी-शेजारी असतात, दस्ता सरळ असतो आणि चाप दोन असतात, प्रत्येक नळीला एक; एका नळीचे छर्रे लवकर फैलावतात, दुसरीचे उशिरा. पक्षी जवळ असेल तर एक चाप, लांब असेल तर दुसरा, ही निवड त्याच क्षणी करता येते आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

बेरेटाचे वजन सहा पौंडांच्या आसपास आहे. छर्ऱ्यांच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे, असा एक जुना इंग्रजी ठोकताळा आहे आणि त्याप्रमाणे पाऊण औंसाला साडेचार पौंडही पुरतात. त्यामुळे या बंदुकीचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो, नळी उसळत नाही आणि दुसऱ्या बारासाठी नजर पक्ष्यावरच राहते. याहून पुष्कळ हलकी बंदूक मी घेणार नाही; फार हलकी नळी झटकन पुढे जाते आणि पक्ष्याबरोबर फिरण्याऐवजी मध्येच थांबते.

उणिवा आहेत. किंमत मोठी आहे. २८ बोअरची काडतुसे वीसपेक्षा महाग पडतात आणि रानाजवळच्या लहान गावांतल्या दुकानांत ती मिळतीलच असे नाही. निघतानाच बरोबर घ्यावी लागतात. साउथ डकोटा राज्यातल्या फेझंट पक्ष्यासाठीही मी ही बंदूक सुचवणार नाही. तिथला नर मोठा आणि चिवट असतो, हंगामाच्या अखेरीस तो लांबूनच उठतो, आणि त्याला वीस किंवा बारा बोअरच हवी. घरात एकच बंदूक ठेवायची असेल, तर वीस बोअर घेणे शहाणपणाचे आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी कायद्याची बाब महत्त्वाची आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा छंद उरलेला नाही. अमेरिकेत तो परवान्याने करता येतो. तरी तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला फेडरल कायद्यानुसार सामान्यतः बंदूक बाळगता येत नाही, आणि राज्याचा चालू शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून आधी परवाना आणि मग दुकान, हाच क्रम ठेवावा. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि रानात भडक नारिंगी कपडा अंगावर लागतो.

वीस आणि अठ्ठावीसची काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत. अठ्ठावीसचे काडतूस वीसच्या नळीत पुढे सरकून अडकते, आणि मागून वीसचे भरून चाप ओढला तर नळी फुटते. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची असतात ती बारा बोअरच्या नळीत अशीच गफलत होऊ नये म्हणून.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला निमुळतेपणा; तो जितका जास्त, तितका छर्ऱ्यांचा फैलाव आवळ. पाने झाडांवर आहेत तोवर मी खालच्या नळीत स्कीट हा अगदी मोकळा चोक आणि वरच्या नळीत इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लावतो व आठ नंबरचे छर्रे वापरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस रान उघडे पडले आणि ग्राउज दुरून उठू लागले की वरच्या नळीत अधिक आवळ असा मॉडिफाइड आणि दोन्हींत साडेसात नंबर.