मातीचा बंधारा की जाळीचा?

मुरबाडच्या मामांचा प्रश्न: ओढ्याचं पाणी दर पावसाळ्यात भातखाचरात शिरतं, तर वरच्या अंगाला मातीचा बंधारा घालावा की दगड भरलेला जाळीचा?

खर्चात माती स्वस्त, पण मुरूम आणि चिकणमाती जवळ मिळाली तरच. जाळीला दगड आणि गंज न धरणारी तार लागते.

खरा फरक टिकण्यात आहे. मातीवरून एकदा का पाणी वाहिलं, की बांध बघता बघता कापला जातो. जुलै २०१९ मध्ये फुटलेलं चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरणही मातीचंच. म्हणून बाजूच्या पक्क्या जमिनीतून रुंद सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, हवाच, बांधाच्या पायात चिकणमातीने भरलेला खंदक हवा. भरावावर झाड वाढू देऊ नका. मूळ कुजलं की त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. बिळं मे महिन्यातच बुजवा. आणि मामा, पूर अडवायचा तर पोटात जागा रिकामी पाहिजे. आधीच काठोकाठ भरलेला बंधारा पुराला काय थोपवणार?

जाळीवरून पाणी गेलं तरी ती सहसा तग धरते. मात्र ती पाणी साठवत नाही, वेग मोडते, आणि मागे गाळ धरते.

जागा ऐसपैस असेल, दरवर्षी डागडुजी करणारी माणसं असतील, तर माती, तीही अभियंत्याच्या आराखड्यावरच. ओढा अरुंद, उताराचा असेल तर जाळीच घाला.