करडईचे तेल घ्यावे, शेंगदाण्याचे टाळावे : तेरणाकाठच्या एका घाणा-विक्री केंद्राचे परीक्षण

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर, तेरणेच्या खोऱ्यातल्या एका आठवडी बाजाराच्या गावी शेतकरी उत्पादक कंपनीने लाकडी घाणा, छोटी डाळमिल आणि विक्री केंद्र एकाच आवारात सुरू केले आहे. दर्शनी फलकावर ‘पर्यावरणपूरक’, ‘शाश्वत’, ‘विषमुक्त’ हे शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहेत. असे फलक आता मराठवाड्याच्या अनेक बाजारपेठांत दिसतात, म्हणून कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. याच कसोट्या वाचकाला आपल्या गावच्या केंद्रालाही लावता येतील. माल स्वयंपाकघरात कसा उतरतो हे तर पाहिलेच, पण त्या मालामागचे पीक परिसरातल्या शेतांत उभे राहते का आणि त्याचा पैसा गावात टिकतो का, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहिले.

केंद्राचा सर्वांत चांगला माल करडईचे तेल हा आहे. रंग सोनेरी पिवळा, वास ओळखीचा पण उग्र नाही आणि कढईत टाकल्यावर फसफसून फेस येत नाही. तेल गाळल्यावर ते स्टीलच्या टाक्यांत काही दिवस निवळू देतात आणि मगच भरतात, त्यामुळे तळाशी गाळ फारच थोडा आढळला. घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारा दांडा, बाभळीच्या लाकडाची असून ती मिनिटाला जेमतेम बारा-पंधरा फेरे घेते. या संथ गतीमुळे तेल फारसे तापत नाही आणि करडईचा मूळ स्वाद राहतो. ज्वारीची भाकरी, लसणाची किंवा कारळाची चटणी आणि त्यावर कच्च्या तेलाची धार, हे ज्या घरांत अजून चालते त्या घरांना फरक पहिल्याच घासाला कळेल. वेळा अमावस्येच्या भज्जीला याच तेलाची फोडणी द्यावी, असे आमचे मत झाले आहे.

मात्र या तेलाच्या मर्यादा केंद्रातील कोणी आपण होऊन सांगत नाही. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल या असंतृप्त मेदाम्लाचे प्रमाण साधारण ७० टक्क्यांहून अधिक असते, त्यामुळे ते हवा, ऊन आणि उष्णता यांनी लवकर खवट होते. वर्षाचा डबा एकदम भरून ठेवण्याची जुनी सवय येथे चालणार नाही. महिना-दीड महिन्यापुरतेच तेल घ्यावे, ते स्टीलच्या भांड्यात अंधाऱ्या फडताळात ठेवावे आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. असे असताना केंद्राने हे तेल पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून उन्हाची तिरीप येणाऱ्या फळीवर मांडावे, हे समजण्यापलीकडचे आहे. बाटलीवर भरल्याची तारीख असते, पण घाण्यातून तेल काढल्याची तारीख नसते आणि निवळण्यात गेलेले दिवस ग्राहकाला कळत नाहीत. ‘कोलेस्ट्रॉलमुक्त’ हा शिक्काही काढून टाकावा. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्ट्रॉल नसतेच, त्यामुळे त्याचे श्रेय या घाण्याने घेण्याचे कारण नाही.

किंमत रिफाइंड तेलाच्या दीडपट ते दुप्पट आहे आणि बहुतेक ग्राहक येथेच पाय मागे घेतात. हा दर वाजवी आहे की नाही, हे साध्या हिशेबाने तपासता येते. करडईच्या दाण्यात तेलाचे प्रमाण साधारण २८ ते ३० टक्के असते आणि लाकडी घाणा त्यातले सगळे काढू शकत नाही. म्हणून एक किलो तेलासाठी सुमारे चार किलो करडई लागते. २०२५-२६च्या रब्बी विपणन हंगामात करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता, म्हणजे एक किलो तेलामागे कच्चा मालच २३८ रुपयांच्या घरात जातो. २०२६-२७साठी हमीभाव ६,५४० रुपये झाल्यावर हाच आकडा २६२ रुपयांवर पोहोचतो. त्यावर वीज, मजुरी, बाटली आणि घट. त्यातून पेंडीचे पैसे वजा. तेव्हा शुद्ध घाण्याचे करडई तेल म्हणून कोणी रिफाइंडच्या दरात देऊ करत असेल, तर एकतर शेतकऱ्याला हमीभाव मिळालेला नाही किंवा डब्यात दुसरे काहीतरी आहे. या केंद्राचा दर हिशेबात बसतो. फक्त येथे विक्री लिटरवर होते, हे ध्यानात ठेवावे. एक लिटर तेल सुमारे ९२० ग्रॅम भरते, त्यामुळे पूर्वीच्या पंधरा किलोच्या डब्याशी तुलना करताना पंधरा लिटरमध्ये सव्वा किलोच्या आसपास तेल कमी येते.

या तेलाला जास्त पैसे मोजावेत असे आम्ही म्हणतो, त्याचे कारण आरोग्यापेक्षा शेताशी अधिक निगडित आहे. एके काळी मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीबरोबर करडईचे पाटे हमखास असत. करडईचे सोटमूळ खोल जाते आणि पावसाळ्यानंतर जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक निघते. पाण्याची पाळी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी शेतकरी पूर्ण बुडत नाही. काटेरी पानांमुळे मोकाट जनावरे फिरकत नाहीत, म्हणून ज्वारीच्या कडेने करडई पेरण्याची चालही होती. पुढे सोयाबीन आले. साडेतीन महिन्यांत पैसा हातात, मागून हरभरा आणि कापणीला काट्यांचा त्रास नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि त्याचा तो हिशेब त्या वेळी चुकीचा नव्हता. करडईची काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना, हातापायांना फडकी गुंडाळून करावी लागे आणि त्या कामाला मजूर मिळेनासे झाले. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्याकडे विहीर किंवा कालवा होता ते उसाकडे वळले. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, त्याच्या अडीच-तीन पट पाणी मागणारे पीक किती वाढवायचे याचा विचार मागे पडला आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी लातूरला पाणी आणण्याची वेळ आली.

सोयाबीनचेही आता खरे नाही. २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरसह बहुतेक बाजारांत दर त्याखालीच राहिले. एका पिकावर सगळा तालुका उभा असला की अशा वर्षी चहाच्या टपरीपासून कापड दुकानापर्यंत सगळीकडे उधारी वाढते. या पार्श्वभूमीवर, गावातच करडई विकत घेणारा कोणीतरी हमखास आहे, ही या केंद्राची खरी सेवा आहे. मळणीयंत्र आणि कंबाइन हार्वेस्टर यांमुळे काट्यांचा प्रश्न बराच सुटला आहे. राहिला होता तो खरेदीदाराचा प्रश्न. ‘करडी’च्या खरेदीचा दर केंद्रात खडूने फळ्यावर लिहिलेला असतो, वजनकाटा ग्राहकांच्या नजरेसमोर आहे आणि हमालीच्या नावाखाली वेगळी कपात होत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येत असताना, कोरडवाहू रानातले तेल गावच्या गावात निघावे, यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक आहे.

पेंडीचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण ती विकत घेणारे ग्राहक तेलाच्या ग्राहकांपेक्षा अधिक समाधानी दिसले. कारखान्यात द्रावक वापरून पेंडीतले जवळपास सगळे तेल काढून घेतात. लाकडी घाण्याच्या पेंडीत मात्र ते बऱ्यापैकी राहते. करडईची सालीसकट पेंड तंतुमय आणि किंचित कडसर असते, म्हणून ती एकटीच न देता चुनी-भुशात मिसळून द्यावी लागते. दुभत्या जनावरांच्या मालकांना हे सांगण्याची गरज नाही. जनावर गावचे, पेंड गावची आणि शेणखत पुन्हा त्याच रानात, ही साखळी येथे फलकावर न लिहिताही चालू आहे.

शेंगदाणा तेलाबाबत मात्र आमचा अनुभव निराशाजनक आहे. चव वाईट नाही. पण शेंगदाणे कोठून येतात असे विचारल्यावर ते गुजरातच्या व्यापाऱ्याकडून पोत्याने येतात, असे प्रामाणिक उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते, बाटली नाही. तिच्यावरही ‘आपल्या मातीतले’ हेच वाक्य छापलेले आहे. ग्राहक शेंगदाणा तेलच अधिक मागतो आणि घाणा रिकामा ठेवणे परवडत नाही, ही अडचण समजण्यासारखी आहे. तरीही दोन्ही बाटल्यांना एकच लेबल लावल्याने करडईच्या खऱ्या गुणावर पाणी पडते. शेंगदाणा तेल हवेच असेल, तर ते कोणत्याही भरवशाच्या घाण्यावरून घ्यावे. त्यासाठी येथे येण्याचे कारण नाही.

तूरडाळ चांगली आहे, पण घेताना थोडे लक्ष द्यावे. ती पॉलिश केलेली नाही, त्यामुळे चकाकत नाही आणि धुताना पाणी थोडे गढूळ होते. ही तक्रार समजू नये. पाकिटावर ‘गावरान’ असे लिहिले असले, तरी ही डाळ मुख्यतः ‘बीडीएन ७११’ या पांढऱ्या वाणाची असल्याचे डाळमिलवरच सांगण्यात आले. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा हा वाण लवकर तयार होतो आणि हंगामाच्या शेवटी ओल तुटली तरी बहुधा हाती लागतो. अशा वाणाचे नाव लपवण्याऐवजी ते अभिमानाने छापायला हवे. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या डाळीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नेमक्या नावाला बाजारात किंमत येते, हे त्यावरून दिसते. विंधनविहिरीच्या जड पाण्यात ही डाळ शिजायला वेळ घेते. ती तासभर भिजत घातल्यास किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात शिजवल्यास वरण एकजीव होते. डाळमिलमधून निघणारी चुनी येथेच विकली जाते.

‘सौरऊर्जेवर चालणारा घाणा’ या दाव्याची तपासणी भारनियमनानेच करून दिली. छतावर पॅनेल आहेत, त्यांमुळे महिन्याचे बिल कमी येत असणार यात शंका नाही. पण यंत्रणा महावितरणच्या जाळ्याला जोडलेली आहे आणि बॅटरी नाही. अशी जोडणी असलेला इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होतो. परिणामी भर दुपारी, डोक्यावर कडक ऊन असताना घाणा थांबलेला असतो आणि तेलासाठी आलेले लोक कडुलिंबाखाली बसून राहतात.

कंपनीच्या कारभाराविषयी बाहेरून जेवढे दिसते तेवढेच सांगता येईल. उत्पादक कंपनीची तरतूद २००२मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती करून झाली आणि तिचा गाभा असा की सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. शिवाय नफ्यातून सभासदाने जेवढा माल घातला त्या प्रमाणात बोनस देण्याची सोय आहे. केंद्रात खरेदीचा दर लावतात, तसा मागच्या वर्षी सभासदांना किती बोनस मिळाला याचा कागदही लावला, तर ग्राहकाला आपण जादा मोजलेले पैसे कोठे गेले हे कळेल. सध्या तो कागद नाही. खरी ओढाताण भांडवलाची आहे. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम बाजारात येते आणि घाण्याला ती वर्षभर पुरवावी लागते. म्हणजे वर्षाचा माल दोन महिन्यांत रोखीने घ्यायचा आणि त्याचे पैसे बाटली-बाटलीने परत येणार. अडत्या पेरणीलाच उचल देऊन शेतकऱ्याला बांधून ठेवतो, कंपनीला ते जमत नाही. दिवाळीनंतर करडईचे तेल ‘संपले’ आणि फळीवर केवळ शेंगदाणा तेल उरले, असे येथे होते, त्याचे मूळ याच ओढाताणीत आहे.

म्हणून शहरातल्या ग्राहकाने एप्रिल ते सप्टेंबर या काळात येथे यावे, नुकतेच काढलेले करडई तेल मागून घ्यावे आणि सोबत डाळ न्यावी. घरपोच सेवा आहे, पण पार्सलमध्ये बाटल्या गळतात अशी तक्रार तेथेच ऐकू आली, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. परिसरातल्या शेतकऱ्याला मात्र याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. स्वतःची करडई आणल्यास केंद्र मजुरी घेऊन तेल काढून देते आणि पेंड त्यांच्याकडेच ठेवली तर मजुरी जवळपास लागत नाही. करडई नीट वाळवून, खडे-माती निवडून आणावी, ओलसर मालाला तेल कमी सुटते. एप्रिलमध्ये या कामाला रांग असते, म्हणून खळे होताच नंबर लावावा आणि निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या भारनियमनाची वेळ विचारून घ्यावी.