लोखंडी डेझर्ट कूलरला हनीकोंब पॅड: मार्च ते जुलै, नागपुरातला वापर

तीन बाजूंना दोन बाय दोन फुटांच्या जाळ्या असलेला जुना लोखंडी कूलर, १८ इंची एक्झॉस्ट पंखा, तळाला ६० लिटरची टाकी. खोली वरच्या मजल्यावरची, बारा बाय बारा, उंची दहा फूट. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, ताट्या भरल्या जायच्या. या मार्चमध्ये त्या काढून ५० मिलिमीटर जाडीचे हनीकोंब पॅड (पन्हळी कागदाचे, पोळ्यासारख्या भोकांचे) बसवले. रोज साधारण आठ तास, असे पाच महिने झाले. पॅड चांगलेच आहेत, पैसे वसूल आहेत. पण थंडाव्यातला सगळ्यात मोठा फरक पडला तो कूलरसमोरची खिडकी योग्य मापाने उघडल्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच.

कूलर बाहेरची नवी हवा सतत आत ढकलतो. पंख्याने तासाला खरोखर २००० घनमीटर हवा दिली, तर ४१ घनमीटरच्या या खोलीतली हवा तासाला जवळजवळ पन्नास वेळा बदलते. तेवढ्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो, आतली ओल साचते आणि अर्ध्या तासात अंथरूण दमट लागतं. लोक याला ‘कूलर चिकचिक करतो’ म्हणतात. दोष कूलरचा नसतो. एवढ्या हवेला सुमारे अडीच चौरस फुटांची वाट लागते: चार फूट उंचीच्या खिडकीचं एक झडप सात-आठ इंच उघडं. खिडकी कूलरच्या समोरच्या किंवा तिरक्या कोपऱ्यातली हवी. शेजारचीच उघडली तर थंड हवा वळसा घेऊन तिथूनच निघून जाते. फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरावी. ती ठामपणे बाहेर उडाली की झालं. खोलीचं दार आपोआप धाडकन लागत असेल, तर वाट अजून अपुरी आहे.

आता पॅड. कूलर हवेला फार तर ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंत नेऊ शकतो, त्याखाली नाही. हे तापमान घरी मोजता येतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून पंख्यासमोर धरायचं आणि पारा स्थिरावला की आकडा घ्यायचा. दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असली की तो २४ च्या आसपास येतो. मग कूलरच्या तोंडाशी किती अंश आहेत ते बघावं. २८ असतील, तर शक्य असलेल्या १८ अंशांपैकी १४ मिळाले, म्हणजे ७८ टक्के. आमच्या पॅडवर, पंप चालू होता तोपर्यंत, आकडा याच्याच आसपास राहिला. वूडवूलच्या नव्या ताट्याही पहिले काही दिवस याच्या जवळ जातात. पण वूडवूल ओलं होऊन खाली बसतं, वरच्या बाजूला बोटभर पोकळी पडते आणि तिथून कोरडी गरम हवा थेट आत येते. तोंडाशी ३२ अंश आले की निम्मंच काम होतंय हे ओळखावं. हनीकोंबचा खरा फायदा हाच की ते खाली बसत नाही.

२८-२९ अंश पुरतात का? भारतीय कार्यालयांतल्या पाहणीवर बेतलेलं ‘इमॅक’ नावाचं आरामाचं प्रारूप आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी, बाहेरची ३० दिवसांची सरासरी ३१ अंश असेल तर ते साडेएकोणतीस अंशांना सुखकर धरतं. त्यात कूलरचा झोत अंगावर असतो, त्यामुळे हवा आणखी दोनेक अंशांनी थंड भासते. म्हणून नवतप्यातही (मेअखेरीच्या नऊ रणरणत्या दिवसांत) दुपारी झोप लागते. एसीच्या २४ शी तुलना करून नाराज होण्यात अर्थ नाही.

आरोग्याच्या दृष्टीने कूलरची बाजू इथे भक्कम आहे. बंद एसी खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली की कार्बन डायऑक्साइड सहज २००० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २०००) जातो. कूलर आणि उघडी खिडकी असताना तो बाहेरच्या हवेइतकाच राहतो. याचा दुसरा अर्थ असा की बाहेर जे आहे ते सगळं आत येतं. ओला पॅड जाडसर धूळ धरतो, बारीक धूर धरत नाही. जनरेटर, कचराकुंडी किंवा शेजारच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट असेल त्या बाजूला कूलर लावूच नये.

पॅड बसवताना दुकानदार एक गोष्ट सांगत नाहीत. काही पॅडमध्ये कागदाच्या पन्हळींचे दोन कोन वेगळे असतात, ४५ आणि १५ अंश. जास्त उतार असलेल्या पन्हळी बाहेरच्या, म्हणजे हवा शिरते त्या बाजूकडे उतरत्या हव्यात. उलटा बसवला तर पंखा पाणी आत ओढतो आणि गादीवर शिंतोडे येतात. दोन्ही कोन ४५ चे असतील तर फरक पडत नाही. नव्या पॅडला रेझिनचा, म्हणजे कागद कडक ठेवणाऱ्या द्रव्याचा, वास असतो. पहिले दोन दिवस पंखा बंद ठेवून नुसता पंप चालवावा आणि ते पाणी फेकून द्यावं.

जाडीचा मोह टाळा. पॅडच्या माथ्याच्या प्रत्येक चौरस मीटरला मिनिटाला ६० लिटर पाणी लागतं. तीन बाजूंच्या ५० मिलिमीटर पॅडला ते साडेपाच लिटर होतं, १०० मिलिमीटरला अकरा. नेहमीचा छोटा पंप पहिलं काम आरामात करतो, दुसऱ्यात धापा टाकतो. मग पॅडवर कोरडे पट्टे राहतात आणि जाड पॅड पातळपेक्षा वाईट ठरतो. तीन बाजू असल्या की हवा पॅडमधून सावकाश जाते, त्यामुळे ५० पुरतो. आमच्याकडे कोरडा पट्टा दोनदा दिसला. दोन्ही वेळा पॅडवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं क्षारांनी बुजली होती. दाभण फिरवल्यावर पाणी पुन्हा सारखं पसरलं.

भर उन्हाळ्यात हा कूलर तासाला १५ लिटर पाणी पितो, म्हणून टाकी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह हवाच. टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक हिशेब: पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता पाऊण लिटरहूनही कमी पाण्याच्या वाफेत जाते. म्हणजे कूलरचं तीनेक मिनिटांचं काम.

खरा शत्रू क्षार. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आठ तासांत १२० लिटर पाणी उडालं आणि त्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ५०० असेल, तर रोज ६० ग्रॅम क्षार टाकीत आणि पॅडवर साचतात. बोअरचं १००० चं पाणी असेल तर दुप्पट. पॅडच्या कडेला पांढरी साय धरली की ती खरवडू नये, कागद फाटतो. उपाय एकच: शक्यतो नळाचं पाणी वापरावं आणि एक दिवसाआड टाकी तळातल्या बुचातून पूर्ण रिकामी करावी. ते पाणी फरशी धुवायला चालतं, कुंड्यांना नको. पॅडवर ब्लीचिंग पावडर अजिबात नको. रेझिन सुटतं आणि पॅड लगदा होतो. रोज बंद करण्याआधी पंप थांबवून पॅड कोरडे होईपर्यंत नुसता पंखा चालवावा. शेवाळं आणि कुबट वास यानेच टळतो. जास्त थंड हवा हवी म्हणून ही पायरी गाळली, तर आठवडाभरात वास येऊ लागतो.

डासांबद्दल सगळे सांगतात, पण अर्धवट. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा ब्रशने भिंती घासायच्या, फ्लोटच्या मागचा कोपराही. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस चुकवायचा नाही.

आणि वीज. लोखंडी अंग, ओली फरशी आणि पाण्यात बुडालेला पंप, असं हे त्रिकूट आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसं जातात, लहान मुलं जातात. तीन पिनचा प्लग, चालू स्थितीतलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) यांत तडजोड नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. पाणी भरताना, पंपाला हात लावताना नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग उलटं असेल तर स्विच बंद असूनही आत फेज राहतो. प्लग काढूनच हात घालायचा. पंपाची वायर सोललेली दिसली तर टेप गुंडाळू नका, पंप बदला.

जूनच्या मध्यानंतर ओल्या फडक्याचं तापमान २५ च्या वर राहू लागलं, तेव्हा पंप बंद केला आणि फक्त पंखा चालवला. जुलैत पंप चालवला की खोलीची आर्द्रता ८० च्या वर जाते, कपाटाच्या मागच्या भिंतीला बुरशी धरते. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यातही हीच गत, तिथे हा खर्च करू नये.

पश्चिमेकडच्या पॅडच्या खालच्या दोन इंचांत क्षार घट्ट बसले आहेत. झाकून ठेवण्याआधी तो उलटा करून, वरची बाजू खाली ठेवून बसवणार. आमच्या पॅडचे दोन्ही कोन ४५ चे असल्याने ते चालतं.