सत्तर हजाराचा गेमिंग पीसी, म्हंजे बाबांच्या भाषेत दहा क्विंटल कापूस

आधीच सांगतो, मी काही टेक्निकल माणूस नाही. हिंगणघाट तालुक्यातलं गाव, घरी सात एकर कोरडवाहू, अन् गावातच माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. दिवसभर सातबारे काढायचे, पोट्ट्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे अन् रात्री दुकानातल्याच जुन्या कॉम्प्युटरच्या डब्ब्यावर गेम लावायचा, तो अडकला का शिव्या द्यायच्या, असं चार वर्षं चाललं. शेवटी घरी कबूल केलं का या हंगामाचा कापूस विकला का पीसी घ्यायचा. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी नागपूरला बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतला, आता दोन-अडीच महिने वापरून झाले म्हणून लिहून राह्यलो. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण चांगलंही सांगायचंय अन् वाईटही.

बर्डीच्या आधी तालुक्याच्या गावातलं एक दुकान पाहिलं होतं, तिथली गोष्ट आधी ऐका म्हंजे तुमचे पैसे वाचतील. काचेत एक पीसी लावून ठेवला होता, समोर चार रंगीत पंखे गरगर फिरून राह्यले, वर पाटी "आय सेव्हन गेमिंग पीसी, ग्राफिक कार्डसहित, ३५ हजार". मी विचारलं कोणत्या जनरेशनचा, तर म्हणते "आय सेव्हन म्हंजे टॉपच असते न भाऊ". चालू करून पाहिलं तर निघाला आय सेव्हन ३७७०, म्हंजे २०१२ चा प्रोसेसर (पीसीचा मेंदू), अन् ग्राफिक कार्ड, जे गेमचं चित्र काढते, ते होतं जीटी ७३०. ते कार्ड २०१४ चं, गेमिंगसाठी त्याचा उपयोग फक्त मॉनिटरची वायर खोचायला. अन् विंडोज ११ ला तो प्रोसेसर अधिकृतपणे चालतच नाही, तिकडं विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. "आय सेव्हन" ऐकून भुलू नका, पुढचा आकडा वाचा. २०२२ चा साधा आय थ्री १२१०० त्या आय सेव्हनले पाणी पाजते.

मग यादी केली सप्टेंबरात. नागपूरले मामेभाऊ आहे, त्यानं अन् मी फोनवर बसून काढली, बजेट ६५ हजार मॉनिटर-यूपीएस धरून. अन् इथंच माती खाल्ली. सप्टेंबरात ८-८ जीबीच्या दोन रॅमच्या (चालू कामाच्या मेमरीच्या) पट्ट्या, डीडीआर४ पिढीच्या, ३२०० वेगाच्या, मला ३,६०० ला सांगितल्या होत्या. पण पैसा तर कापसातून यायचा होता. ऑक्टोबरात पाणी पडलं, कापसात ओलावा, सीसीआयले (सरकारी कापूस महामंडळाले) ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, १२ च्या वर गेला का घेतच नाहीत, म्हणून बाबा वाळवत बसले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११०, तो सोडवत नव्हता. वाळवता वाळवता नोव्हेंबर निघाला, वरून आयातीवरचं ११ टक्के शुल्क डिसेंबरपर्यंत माफ होतं त्यामुळे खासगीतही भाव काही उठेना, शेवटी घरखर्चाची घाई झाली अन् सात हजारानं खासगीतच दिला. अन् तेवढ्या दोन महिन्यांत त्याच दोन पट्ट्या ७,६०० झाल्या.

बाबा म्हणे, "कापूस वाढला नाही, मंग तुही ती पट्टी कशी वाढली बे?"

आता त्यांना काय सांगू. जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स अन् मायक्रॉन, अन् तिघींचाही माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, तिकडं पैसा जास्त. डिसेंबरात तर मायक्रॉननं क्रुशल नावानं आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना विकायचा धंदाच बंद करतो म्हणून जाहीर केलं. म्हणजे रॅमचा भाव आपल्या हातात नाही, पण यादी तयार असली अन् थोडे पैसे हातात असले तर रॅम अन् एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) आधी उचलून ठेवा, बाकीचं मागून घेता येते. मी नाही उचलली. चार हजार गेले.

बरं, घेतलं काय ते सांगतो. प्रोसेसर रायझन ५ ५६०० साडेदहा हजार, बोर्ड (ज्यावर सगळे पार्ट बसतात तो) बी५५० चा ७,४००, रॅम ७,६००, कार्ड आरएक्स ६६०० आठ जीबीचं साडेवीस हजार, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी ३,९००, पॉवर सप्लाय ५५० वॅट ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवते असा शिक्का असलेला) ३,९००, जाळीचा कॅबिनेट ३,२००. हे झाले ५७ हजार. वर मॉनिटर २४ इंची आयपीएस पडद्याचा, १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा) ७,८०० अन् यूपीएस ५,२००. बरोब्बर ७० हजार. कीबोर्ड-माऊस दुकानातलेच जुने.

लोक म्हणतील एएम४ जुना सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) झाला, २०१७ पासून रायझन त्यावरच चालून राह्यले, एएम५ घ्यायचा होता. हाव, पण एएम५ म्हटलं का डीडीआर५ आलं, अन् ती रॅम तर डीडीआर४ च्याही वर उडाली होती. सहा कोर बारा थ्रेडचा ५६०० फुल एचडीवर गेमसाठी पुरून उरते, ६५ वॅटच खाते अन् त्याच्या खोक्यात थंड करायचा पंखा फुकट येते. दुकानदार ५६००जी घ्या म्हणून लई मागं लागला होता, "त्यात ग्राफिक आतच आहे, कार्ड नंतर टाकजा". ज्याला कार्ड घ्यायला वर्ष लागणार असंल त्यानं खुशाल घ्यावा, पण कार्ड आजच घ्यायचं तर जी चा फायदा नाही, त्याचा कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) अर्धा, १६ एमबी, ५६०० ले ३२. एक मात्र ध्यानात ठेवा, साध्या ५६०० मध्ये डिस्प्ले नाही. उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी अन् माझ्यासारख्याचं दुकानही बंद. म्हणून जुना डब्बा मी विकला नाही.

कार्डाच्या बाबतीत नाव सारखं अन् माल वेगळा, हा खेळ बेकार आहे. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचंही आहे अन् सहा जीबीचंही, सहावालं नुसती मेमरी कमी केलेलं नाही तर एकंदरच हलकं आहे, अन् दुकानात दोन्हीले "थर्टी फिफ्टी"च म्हणते. आरएक्स ६६०० त्या दोघांच्याही पुढं. बोर्डात बी४५० घेतला असता तर आठशे वाचत होते, पण जुन्या स्टॉकच्या बी४५० मध्ये बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट नसलं तर ५६०० चालूच होत नाही. ७५ किलोमीटर परत जाऊन बायोस अपडेट करून आणणार कोण?

आता दुकान. पोरं हुशार होती, माझ्यासमोर टेबलावर जोडलं, वायरी नीट मागून फिरवल्या, प्रोसेसर बॉक्समधलाच फोडला, ट्रेचा सुटा नाही दिला, अन् बिलावर एकेका पार्टचा सिरियल नंबर लिहून दिला. हे नंबर महत्त्वाचे, वॉरंटी त्याच्यावरच मिळते. काउंटरवरचा म्हणे बिना बिलाचं घेतलं तर दोन हजार कमी करतो. मन डगमगलं होतं खरं सांगतो, पण मामेभावानं पायावर पाय दिला.

अन् खोडी कुठं केली तर पॉवर सप्लायमध्ये. कोटेशनमध्ये कंपनी अन् मॉडेल लिहिलेलं, जोडताना मी चहा प्यायला खाली गेलो, येऊन पाहतो तर कॅबिनेटमध्ये दुसराच बसवलेला, हातात घेतला तर हलका फुलका, वर ४५० वॅट अन् ब्राँझचा शिक्का कुठंच नाही. विचारलं तर "तो संपला भाऊ, हा बी सेमच आहे, काही नाही होत". मी म्हटलं सेम आहे तर पैसे काऊन सेम लावले? मग गोडाऊनमधून वीस मिनिटांत संपलेला माल निघाला. भांडण नाही झालं, हसत हसतच झालं, पण मी चहा दोन कप प्यालो असतो तर तो हलका डब्बा आज घरी असता.

शहरातल्यांना हे एवढं लागत नाही, आपल्याला लागते. आमच्याकडं संध्याकाळी गावातले दिवे अन् मोटारी एकदम चालू झाल्या का व्होल्टेज १७० वर येते, ट्यूबलाइट लपलप करते. म्हणून माझं मत असं का खेड्यात पीसीचं बजेट पॉवर सप्लाय अन् यूपीएसपासून मोजायला सुरू करावं, मग कार्ड. यूपीएस ११०० व्हीएचा घेतला, ६६० वॅटवाला, लाइन इंटरॅक्टिव्ह, त्यात व्होल्टेज सावरायची सोय असते. ६०० व्हीएचा स्वस्त होता पण तो ३६० वॅटच देते, गेम चालू असताना लाइन गेली तर तो काठावर. माझ्या यूपीएसवर लाइन गेल्यावर दहाएक मिनिटं मिळते, गेम सेव्ह करून बंद करायले बस झालं.

अन् अर्थिंग. घरी आणून लावला, रात्री खेळताना कोपर कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूले लागला अन् असा झटका बसला का माऊस हातातून गेला. मले वाटलं बर्डीवाल्यानं खराब माल देला. फोन केला तर तिकडचा पोरगा म्हणे दादा, तुमच्या सॉकेटचं तिसरं भोक पाहा. पाहिलं, त्यात वायरच नव्हती, घर बांधलं तेव्हापासून अर्थिंग नावालाच. चांगल्या पॉवर सप्लायमध्येही फिल्टर असते, अर्थ नसला का कॅबिनेटवर करंट उतरते, त्यात सप्लायचा दोष नाही. वायरमनला बोलावून न्हाणीमागं खड्डा केला, प्लेट, कोळसा, मीठ टाकून अर्थिंग करून घेतलं. तिथं सांडपाणी जाते म्हणून जमीन ओलीच राहते, ते चांगलंच. झटका बंद.

आणायची गोष्ट राहिलीच. दुकानदार म्हणे ट्रान्सपोर्टनं पाठवतो, मी म्हटलं राहू दे. कार्ड काढून त्याच्या खोक्यात घालून पिशवीत धरलं, कॅबिनेट त्याच्या खोक्यात, अन् लालपरीत मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणे "काय आहे यात, टीव्ही?" मी म्हटलं कॉम्प्युटर, तर म्हणे "मंग जांबच्या पुढं घट्ट धरजो". बरोबर बोलला. जांब चौरस्त्यापर्यंत हायवे, नंतर आमच्या गावाच्या रस्त्यावर ते कार्ड बोर्डात लटकलेलं असतं तर खाचच तुटली असती.

घरी चालू केल्यावर पाहिलं तर रॅम २६६६ वर चालून राह्यली, ३२०० चे पैसे दिलेले. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करायचं असते, दुकानवाल्यानं नाही केलं. मॉनिटरही ६० हर्ट्झवरच होता, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० करावं लागलं. व्हॅलोरंट गेम उघडेचना, त्याला विंडोज ११ वर टीपीएम अन् सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागते, तेही बायोसमधूनच. तिन्ही कामं मिळून पंधरा मिनिटांची, दुकानातच करून देले असते तर काय बिघडलं असतं. आता व्हॅलोरंट सेकंदाला दोनशे फ्रेमच्या वर, जीटीए ५ हाय सेटिंगवर मस्त पळते. गेम मात्र गावात डाऊनलोड होत नाही, मोबाइलच्या डेटावर शंभर जीबी कधी उतरवणार, मामेभावाच्या हार्डडिस्कवरून कॉपी करून आणले.

एक गोष्ट कोणत्याच व्हिडिओत नव्हती. दुसऱ्या वेच्याचा कापूस आमच्या मधल्या खोलीत गंजी लावलेला आहे अन् पीसी बाजूच्या खोलीत. पंधरा दिवसांत समोरच्या जाळीवर पांढरी साय धरली, आतला पंखा हवेसाठी घरघर करून राह्यला. तेव्हापासून दर रविवारी रंगाच्या ब्रशनं जाळी झाडतो. कॅबिनेटच्या मागची एक पट्टी उघडी राहिली होती, तिथं उंदीर जाईल म्हणून पत्रा कापून लावला. उन्हाळा अजून यायचाय, ४५-४६ मध्ये काय होते ते मेमध्ये कळंल, पण वाळ्याच्या कूलरसमोर पीसी ठेवायचा नाही एवढं ठरवलं आहे, ती ओली हवा आत गेली तर गंज धरते.

दुकानाला पाचापैकी साडेतीन. एक अख्खा कापला पॉवर सप्लायसाठी, अर्धा एक्सएमपीसाठी. तरी परत तिथंच जाईन, कारण रात्री नऊ वाजता फोन उचलून अर्थिंग सांगणारा पोरगा त्यांच्याकडंच आहे. फक्त चहा आधी पिऊन जाईन.

हां, खोके फेकू नका, वॉरंटीले पाठवताना कार्ड त्यातच नीट जाते. माझं कार्डाचं खोकं मी कपाटावर ठेवलं होतं, परवा पाहिलं तर मायनं त्यात लसूण भरला.