मराठी कीबोर्ड निवडताना: एक 'कार्तिक', तीन तऱ्हा

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडायच्या, दुकानात लग्नसराईत कोणी ना कोणी विचारतंच, "मराठी टायपिंग शिकायचंय, कुठलं शिकू?" मी उलट विचारतो, "पोटासाठी की ग्रुपवर लिहायला?" वेगाचं नंतर बघू. कीबोर्डची पारख होते ती अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या खुणांवर: वेलांटी, रफार, चंद्र, मोडलेला पाय.

'कार्तिक' घ्या. रेमिंग्टन हा टाइपरायटरचा वारसा, त्यामुळे डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं बोटं चालतात. 'का' झाला की आधी ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग त्याच्या डोक्यावर रफार, शेवटी क. इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण मांडणीत उच्चाराचा क्रम: का, र, त्याचा पाय मोडायचा, त, वेलांटी, क. रफार आपोआप वर चढतो. फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं की क्रमाचा प्रश्नच नाही, अंदाज सॉफ्टवेअर बांधतं.

रेमिंग्टनवर हात बसलेला माणूस पत्रिका झरझर काढतो, यात वाद नाही. अडचण येते ती त्याच्याबरोबर आलेल्या जुन्या फाँटांची. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फाँटमध्ये मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो. समोरच्याकडे तोच फाँट नसला की पत्रिकेचा चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीत, बदलून घेतलं तरी दिसण्याचा क्रम उच्चाराच्या क्रमात आणताना वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. बदललेली फाइल मी छापायच्या आधी दोनदा वाचतो. आता रेमिंग्टनच्या मांडणीवर युनिकोडही टाइप करता येतं, तेव्हा जुना हात असेल तर मांडणी ठेवा, फाँट सोडा.

इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं प्रमाण म्हणून पुढे आणला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. विंडोजमध्ये फुकट असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडायची. सोलापूरकराला त्यात एक जादा फायदा आहे, पण तो कुणी सांगत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. इनस्क्रिप्टमध्ये क जिथे मराठीत, तिथेच तेलुगूत आणि कन्नडमध्ये. त्या दोन भाषांत एकार-ओकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत, त्यांच्या कळा तेवढ्या नव्यानं लक्षात ठेवायच्या. एकदा शिकून तीन भाषांच्या पत्रिका! आमच्या धंद्यात ही चेष्टा नाही.

खुणांची खरी परीक्षा 'ऱ्य'ची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत तर मांडवातला माणूसच बदलतो. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी जे-च्या कळेवर र आहे, शिफ्ट धरून ऱ. त्याला डी-वरची पाय मोडायची खूण आणि य दिला की झालं. फोनचा अंदाज 'शेतकऱ्यांना' बरोबर देतो, कारण शब्द रोजचा आहे. 'दऱ्या' मागितल्यावर मात्र दर्या पुढे करील, यादीतून निवडायचं काम तुमचं. मंगळवेढा, मोहोळ ही गावं त्याला ठाऊक असतात, पण गड्डम, येमूल अशा आडनावांना त्याची दांडी उडते. पत्रिकेत आडनाव चुकलं तर मामा जेवायला बसत नाहीत.

आणि ॲ. ही खोच मला महागात पडली. वकिलांच्या स्नेहमेळाव्याची यादी होती. 'ॲड.' शोधून सगळीकडे 'ॲडव्होकेट' घालायचं होतं, तर निम्मी नावं सापडेनातच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. त्याआधीच्या सवयीनं लोक अ टाइप करून वर चंद्र ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ऱ्य'चंही तेच, तोही दोन वाटांनी तयार होतो. २००९ च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत बसवले, तेव्हा आता एकसंध ॲ-च वापरा, निदान एका फाइलीत तरी एकच.

फोनपुरतंच लिहायचं असेल तर इंग्रजी अक्षरांतून लिहा, आमचंही घरात तेच चालतं. इंग्रजी स्पेलिंगचा कंटाळा असेल त्यांनी आयआयटी मुंबईचं स्वरचक्र बघावं. क-वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की यांचं चक्र उघडतं. वडीलधाऱ्यांना ते पटकन जमतं. दुकान टाकायचं किंवा ऑफिसात बसायचं असेल तर माझं मत इनस्क्रिप्टला. पहिले काही आठवडे हात रडतो, होय की, माझाही रडला.

अपवाद एकच. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची मराठी टायपिंग परीक्षा द्यायची असेल, तर माझं ऐकू नका. क्लासची फी भरण्याआधी विचारा, परीक्षेत कुठल्या मांडणीवर बसवणार. सरावही तिच्यावरच करा.