रीसेल फ्लॅटसाठी एजंट: गल्लीतला की कंपनीचा?

कोथरूड-कर्वेनगर भाग ठरला, बजेट ठरलं, अडलंय ते एजंटपाशी. एकीकडे गल्लीच्या तोंडाशी छोट्या गाळ्यात बसणारे काका, दुसरीकडे ॲप आणि गळ्यात आयकार्ड घातलेला कंपनीचा मुलगा. दलाली दोघांचीही साधारण १ ते २ टक्के. कंपनीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ७० लाखांच्या फ्लॅटला १ टक्क्याने ७०,००० आणि वर १२,६००. एवढ्यावरून निवड करू नये असं आपलं मला वाटतं.

घरं दाखवण्यात कंपनी सरस. एका रविवारी सहा फ्लॅट रांगेने दाखवतील. काकांच्या डायरीत चारच, आणि त्यातला एक गेल्याच महिन्यात विकलेला!

खरी परीक्षा टोकननंतर. रीसेलमध्ये फ्लॅटवर बहुधा विक्रेत्याचं कर्ज असतं. त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि तारण ठेवलेल्या कागदांची यादी काढायची, ती आपल्या बँकेला द्यायची. मग आपली बँक थकबाकीचा डीडी त्याच्या बँकेच्या नावाने काढते. फोरक्लोजर लेटरवरची तारीख उलटली की व्याज वाढून डीडी कमी पडतो आणि लेटर नव्याने काढावं लागतं. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तेवढे दिवस कुणाला तरी शाखेत खेटे घालावेच लागतात.

कंपनीत नेमकं इथेच माणूस बदलतो. घर दाखवणारा वेगळा, कर्जाचं बघणारा वेगळा, नोंदणीला येणारा तिसराच. पहिल्याचं टार्गेट टोकनलाच पूर्ण झालेलं असतं. 'पार्किंग झाकलेलंच मिळेल', 'गीझर-ग्रिल ठेवून जातील' हे त्याने तोंडी सांगितलेलं पुढच्याच्या कानावरही नसतं, आणि पहिल्याला फोन लावावा तर 'ते आता आमच्याकडे नाहीत'. माझा कौल काकांकडे झुकतो तो या एका वैतागापायी. पार्किंग करारनाम्यात आहे की नुसतं सोसायटीच्या वाटपात, हे त्यांना बिल्डिंगच्या नावावरून माहीत असतं, आणि चावी मिळेपर्यंत माणूस तोच राहतो. निदान माझ्या पाहण्यात तरी.

काकांचा दोष मोठा आहे, तो झाकत नाही: दलाली दोन्हीकडून घेतात. म्हणून आपला वरचा आकडा त्यांना कधीही सांगू नये. दलाली कागदावर लिहून घ्यावी, अर्धी करारनाम्याच्या नोंदणीला, अर्धी चावी हातात आल्यावर. ग्राहक परस्पर मालकाकडे जाईल या धास्तीने ते टोकनआधी कागद दाखवायला कुरकुरतात. तरी सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, म्हणजेच इंडेक्स टू) आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. विक्रेता परदेशात स्थायिक आहे का, तेही तेव्हाच विचारावं. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात एरवी खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा कर, म्हणजे टीडीएस, १ टक्का असतो, अनिवासी विक्रेत्याला तो नियम लागू नाही आणि कपात बरीच मोठी होते.

परगावी राहून व्यवहार करणार असाल तर कंपनी बरी, निदान सगळं ईमेलवर राहतं. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात दलाली सहसा बिल्डरच देतो, तिथेही कंपनी चालेल, फक्त एजंटचा महारेराकडचा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) 'ए'ने सुरू होणारा नोंदणी नंबर त्यांच्या साइटवर तपासा. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला ही नोंदणी सक्तीची नाही. तिथे काकांना एवढंच विचारावं: याच सोसायटीत याआधी किती सौदे केलेत, आणि त्यातल्या एखाद्या घरी आत्ता जाऊन येऊ का?