चार ध्वजवंदने आणि एक हंगामी वसतिगृह

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेची जी शाळा मी मुख्याध्यापक म्हणून सांभाळतो, तिचे वर्ष ध्वजवंदनांवरून मोजता येते. 15 ऑगस्टला आणि पुन्हा 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मैदानात उभे राहायला जागा उरत नाही. 26 जानेवारीला मात्र त्याच मैदानात लेकरे आणि त्यांचे आजी-आजोबा एवढेच दिसतात. मधली पिढी तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट बेळगावच्या बाजूला उसाच्या फडात असते. दसरा उलटला की मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, भांडीकुंडी आणि शेळ्या घेऊन निघतात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. या काळात गावात मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची जी शासकीय सोय आहे, ती आमच्या शाळेत यंदा कशी चालली, त्याचे हे परीक्षण आहे. ते चालवणाऱ्यानेच लिहिले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नावात वसतिगृह असले तरी आमची लेकरे शाळेत झोपत नाहीत. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण शाळेत, दुपारी नेहमीचा पोषण आहार, आणि मुक्काम आजीच्या किंवा चुलत्याच्या घरी, अशी व्यवस्था आहे. ही तडजोड आहे, खरे वसतिगृह नव्हे, असे माझे सुरुवातीचे मत होते. डिसेंबरात एका म्हातारीने ते डळमळीत केले. “आता लेकरू हाय म्हणून हंडा तरी भरून देतंय, न्हाईतर म्या काय हापशावर जाणार व्हते?” असे त्या सहज म्हणाल्या. घर उघडे राहते आणि लेकराला त्या घरात काही काम, काही मान असतो, ही जमेची बाजू. पण चौथीतला मुलगा आजीला सांभाळतो की आजी त्याला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

जेवणाबद्दल मला तक्रार नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी स्वतः अनेक हंगाम उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या आहेत, त्यामुळे कोणाची आई कोणत्या टोळीत आहे हे त्यांना हजेरीपटाशिवाय ठाऊक असते. थंडीत बाजरीची गरम भाकरी, दाळ आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर पंगत तृप्त उठते. पैसे हातात पडायला मात्र उशीर झाला, आणि तोवर किराणा दुकानदाराच्या वहीत शाळेची उधारी चढत राहिली. त्याने एकदाही तोंड वाकडे केले नाही, ही त्याची भलाई, व्यवस्थेची नव्हे.

उणीव आहे ती संध्याकाळची. शाळा पाचला सुटते आणि ताट साडेसातला पडते, या मधल्या अडीच तासांचा विचार कोणीच केलेला नव्हता, मीही नाही. पहिल्या पंधरवड्यात लेकरे घरी जाऊन पुन्हा यायची, ओळीत बसायची, जेवायची आणि निघून जायची. त्या दिवसांत आम्ही खानावळच चालवत होतो, असे म्हणावे लागेल. मग एका वर्गाचा दिवा आम्ही चालू ठेवला, सातवीतल्या मुलींनी लहानांना पाढे म्हणायला बसवले, आणि जेवणानंतर माझ्या फोनवरून आई-वडिलांशी बोलण्याची सोय केली. तिथेही माझी चूक झाली. सर्वांना ऐकू यावे म्हणून मी स्पीकर लावला, तर लेकरे मुकी झाली. शेवटी तिसरीतल्या एका मुलीने फोन माझ्या हातातून घेतला आणि ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलली. दुसऱ्या दिवसापासून स्पीकर बंद झाला. टोळीला पहाटेच फडात उतरावे लागते आणि गाडी भरायला रात्रीही जावे लागते, म्हणून ठरलेल्या वेळी फोन लागेलच असे नसते; न लागल्यास त्या लेकराजवळ थोडे बसावे लागते, एवढे मी शिकलो.

या सोयीच्या बाहेर राहिलेली लेकरे वेगळीच. धाकट्या भावंडाला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, सांभाळायला म्हणून मोठ्या बहिणीला नेले जाते. तिला आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत ती बसू शकते. पण फड हलला की शाळा बदलते, आणि कार्ड पिशवीत राहते. अशा मुलांची नावे हजेरीत पुकारणे मी यंदा थांबवले नाही. नाव घेतले की बाकावरचा सोबती “फडावर गेलाय, सर” म्हणून उत्तर देतो. वेळ वाया जातो असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे, ते चूक नाही. तरी मी पुकारतो. पाचवीच्या मुलांची मला अधिक काळजी वाटते, कारण 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे, आणि ही मुले नेमकी परीक्षेच्या तोंडावर परततात.

एक विसंगती कोणाच्या हाती नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात, आणि वसतिगृहाचा कारभार याच समितीने पाहायचा असतो. नोव्हेंबरातच त्यातले बरेच जण ट्रकमध्ये बसलेले असतात. यंदा आम्ही उरलेल्या सदस्यांसोबत तीन आज्यांना बैठकीला बोलावले. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण दाळीत पाणी जास्त होते हे प्रथम त्यांनीच सांगितले.

1 मेच्या ध्वजवंदनाला मैदान पुन्हा भरले. निकालपत्रके वाटताना पाण्याच्या टाकीमागे बोलणारी ती मुलगी आपल्या आईला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवत होती, आणि आई भाकरीच्या तव्याकडे बघत होती.